बंद गाडीतले जमादार

पंच व्हायची हौस मला कधीच नव्हती. मी आपला जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, एका खोलीत दोन वर्ग सांभाळणारा. पण आमची शाळा आणि पोलीस ठाणं यांच्यामध्ये एक तारेचं कुंपण, बस. कुठं काही घडलं की पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात, आणि सरकारी नोकर म्हणजे हाताशी बांधलेली गरीब गाय. कुंपणापलीकडून हाक यायची, "गुर्जी, मोकळं हाय का?" मोकळा कुठला! फळ्यावर अर्धं गणित, पोरं खिडकीवर चढलेली. पण हाक मारणारे गहिनीनाथ शेळके जमादार असले की माझ्या तोंडून 'आलो' निघून जायचं. नऊ वर्षं मी हे 'आलो' म्हणत होतो आणि दर वेळी घरी येऊन बायकोचं ऐकून घेत होतो.

जमादार म्हणजे हवालदार. आमच्याकडं अजून जुनाच शब्द चालतो. काटक अंग, मिशी पांढरी, चाल लांब पल्ल्याची. घर मेंढपाळाचं. लहानपणी वडलांच्या मागं तलवाड्याकडच्या शिवारात मेंढरं राखलेली. पोलिसात तीस वर्षं काढली तरी माणसाचं बोलणं खालच्या पट्टीतलं, आणि सगळ्यांना 'अहो'. सगळ्यांना म्हणजे चोरांनासुद्धा. एकदा मोटारसायकल चोरलेल्या एका पोराला त्यांनी बाकावर बसवलं आणि म्हणाले, "अहो पाहुणे, पाणी घेता का?" पोरगं मार खायच्या तयारीनं आलं होतं. ते या 'अहो'नंच हमसून रडायला लागलं आणि आणखी दोन गाड्यांचा पत्ता सांगून मोकळं झालं.

त्यांची पहिली ओळख मला शेळीमुळे झाली. दोन बायका एका शेळीवरून भांडत ठाण्यात आल्या होत्या. ही म्हणे माझी, ती म्हणे माझी, आणि दोघींचे नवरे बाह्या सरसावून उभे. फौजदार साहेब वैतागून जेवायला निघून गेले. जमादारांनी शेळीची दोरी सोडली, तिला म्हणाले, "चला बाई," आणि तिच्या मागं चालायला लागले. तिच्या मागं जमादार, जमादारांच्या मागं मी कागद घेऊन, माझ्या मागं त्या दोन बायका आणि अख्खं गाव. शेळीनं आधी साहेबांची गुलाबाची कुंडी खाल्ली. मग बाजारात एका भाजीवालीच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी दोघींचीही घरं ओलांडून पार वेशीबाहेर गेली आणि एका म्हाताऱ्याच्या खोपटापुढं जाऊन बसली. म्हातारा आतून ओरडला, "कुठं गेलतीस गं, रांडे!" दोन्ही बायका जागच्या जागी गायब. मी हसू दाबत होतो. जमादारांनी मात्र कागदावर गंभीरपणे लिहिलं की, सदर शेळी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने गेली.

दुसरी गोष्ट विहिरीची. एक माणूस विहिरीत मेलेला सापडला आणि त्याच्या भावावर संशय होता, कारण आदल्याच दिवशी बांधावरून दोघांची जुंपलेली. लोकांनी वरूनच डोकावून दोन्ही बाजूंनी मतं दिली. जमादारांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायऱ्या उतरायला लागले. मी वरून म्हणालो, "जमादार, पन्नाशी उलटली तुमची!" ते मोजत उतरत होते, चार, पाच, आणि मग थेट धपकन पाणी वाजलं. दोर सोडून वर काढलं तर माणूस चिंब आणि चेहरा खुललेला. "लिवा गुर्जी, सहावी पायरी न्हाई." ती पायरी पडलेली होती आणि वरून सावलीत ती आहे असंच वाटायचं. भाऊ सुटला. त्या दिवशी ओल्या बनियनवर चहा पिताना ते म्हणाले, "आधी अंगावर घ्यायचं, मंग कागदावर." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण माणूस खरोखरच तसा होता.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मे महिना होता. हायवेच्या कडेला मंगल कार्यालय, साडेबाराचं लग्न. आमच्याकडं साडेबाराचं लग्न दोनच्या आत लागत नाही, कारण पुढाऱ्यांचे सत्कार. एकाला फेटा बांधून होतो तोवर दुसऱ्याची गाडी येते, आणि माणसं मुठीत अक्षता धरून घाम पुसत बसतात. नवरदेवाचे वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे पुढाऱ्यांची रीघ. आणि हे सगळं निस्तरायचं काम चेअरमनच्या पुतण्याकडं. योगेश त्याचं नाव, वय तीसेक, नुकताच सरकारी नोकरीत लागलेला. त्याची बायको अश्विनी आणि दोन वर्षांची लेक स्वरा.

वऱ्हाड वाटेत मारुतीच्या देवळाशी थांबलं, नवरदेवानं दर्शन घेतलं, आणि तिथं बायका-पोरांची गाड्यांमध्ये अदलाबदल झाली. वऱ्हाडात असं होतंच. अश्विनी नवरदेवाची वहिनी, तिला ओवाळायला म्हणून पुढच्या जीपमध्ये बोलावलं. पोर योगेशच्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेली. गाडीतली बाकीची पोरं कार्यालयाच्या कमानीशीच बँडपुढं नाचायला उतरली. योगेशनं गाडी मैदानाच्या टोकाला लावली, तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, "योगेश भाऊ जिथं असतील तिथून ताबडतोब स्टेजकडं यावं." गाडी लॉक करून तो पळाला. पोर मावशीकडं असेल असं आजीला वाटलं, आजीकडं असेल असं मावशीला, बापाकडं आहे असं आईला. सगळ्यांची पंगत झाल्यावर कोणीतरी विचारलं, "स्वरा जेवली का?"

पुढचं मी लिहिणार नाही. मी तिथं पंच होतो, एकदा सही केली, पुरे झालं.

एवढंच सांगतो की, जमादारांनी तिथं आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो "लेकीचं नाव काय?" पोलिसी कागदात मेलेल्या माणसाला 'मयत' लिहायची रीत आहे. त्या संपूर्ण पंचनाम्यात जमादारांनी तो शब्द वापरला नाही. प्रत्येक ठिकाणी 'स्वरा' लिहिलं. फौजदारांनी खोडायला सांगितलं, तर म्हणाले, "सायेब, लहान हाय ती."

दोन दिवसांत घरच्यांची गोष्ट तयार झाली. चेअरमन ठाण्यात येऊन म्हणाले, पोर खेळता खेळता आपली आपणच गाडीत शिरली, दार लागलं, देवाची मर्जी. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करा आणि फाइल बंद करा. जमादार म्हणाले, "गाडी लॉक हुती ना? मंग शिरली कशी?" दुसऱ्या दिवशी गोष्ट बदलली. आता अश्विनीची सासू म्हणायला लागली, "आईनं बघायचं न्हाई तर कुनी? ओवाळायच्या नावाखाली नटन्यात गुंग हुती." बायका बायकांत हेच बोलायला लागल्या. चेअरमन जमादारांना बाजूला घेऊन म्हणाले, "लिवायचंच आसंल तर तिचं लिवा. पोराची नोकरी हाय, जिंदगी बरबाद हुईल त्याची."

आणि अश्विनी? ती एक शब्द बोलत नव्हती. जमादार तिच्याकडं दोनदा जाऊन आले. ती भिंतीला टेकून बसलेली, कोणी पाणी दिलं तर प्यायची. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गावानं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. योगेशही गप्पच होता, पण त्याला कोणी काही विचारतच नव्हतं.

मी चिडलो. खरं सांगतो, जमादारांवर चिडलो. "ज्यांचं पोर गेलं त्यांना अजून कसली शिक्षा करणार तुम्ही? याला गुन्हा म्हणतात का?"

ते टेबलावर हात ठेवून शांत बसले होते. "शिक्षा माझं काम न्हाई गुर्जी. ते कोर्टाचं. गुन्हा हाय का न्हाई, तेबी कोर्टच बघंल. मला फक्त कोण हुतं तेवढं लिवायचं. आन् म्या न्हाई लिवलं, तर जी बोलत न्हाई तिच्या अंगावर ते जन्मभर ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणापलीकडून हाक आली. या वेळी म्हणाले, "शाळेतला तो पाऱ्याचा थर्मामीटर घिऊन या."

मंगल कार्यालयाचं मैदान रिकामं होतं. जप्त केलेली गाडी त्यांनी त्याच जागी, त्याच तोंडानं उभी केली होती. काचांवर काळी फिल्म. पंच म्हणून मी आणि ग्रामसेवक. शिवाय योगेश आणि चेअरमन, दोघांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. जमादार मला म्हणाले, "तीन गोष्टी बघायच्या. आतलं भाइरून दिसतं का, आतलं भाइर ऐकू येतं का, आन् मागचं दार आतून उघडतं का. चावी तुमच्याकडं ठेवा. वीस मिनिटं."

"म्हणजे आत कोण बसणार?" मी विचारलं.

ते तोवर माझ्या हातातला थर्मामीटर घेऊन, मागचं दार उघडून आत बसलेसुद्धा होते. छप्पन्न वर्षांचा माणूस, मे महिन्यातली दुपार, चारी काचा बंद. "म्या दिसलो न्हाई, ऐकू आलो न्हाई, तर घड्याळ बघा. घाई करू नगा," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. मी बाहेरून लॉक केलं.

आम्ही दहा पावलांवर लिंबाखाली उभे. गाडी उन्हात. आत काय चाललंय ते काही म्हणता काही दिसत नव्हतं. चेअरमन मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होते. मी दर मिनिटाला मोठ्यानं सांगत होतो, कारण मला तसं सांगितलं होतं. "पाच." "सहा." योगेश गाडीकडं बघत होता. "नऊ." त्यानं मोबाइल खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. "अकरा." तो गाडीपाशी गेला, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात लावून काचेला नाक टेकवलं. काही दिसेना. "बारा." मग तो माझ्याकडं पळत आला आणि त्यानं माझी मनगटं धरली.

"उघडा गुर्जी! पाया पडतो, उघडा!"

"वीस सांगितलेत."

"तिनं सांगितलं हुतं मला!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की चेअरमनच्या हातातला फोन खाली पडला. "अश्विनीनं सांगितलं हुतं! मारुतीपशी! पोरगी मागं झोपलीय, उठली की घिऊन या म्हनली. म्या हो म्हनलो! हो म्हनलो म्या! उघडा हो!"

मी चावी लावली. वीस मिनिटं गेली खड्ड्यात.

जमादार बाहेर आले ते गाडीला धरून. सदरा पिळून काढावा इतका भिजलेला, चेहरा काळानिळा, ओठ पांढरे. पहिल्यांदा त्यांनी उलटी केली. मग पाणी मागितलं, आणि ते आलं तेव्हा स्वतः न पिता तांब्या योगेशच्या हातात दिला. "आधी तुमी प्या," म्हणाले. तो पिऊ शकला नाही. दोघे तसेच लिंबाच्या बुडाशी जमिनीवर बसले.

मग जमादार माझ्याकडं वळले. "म्या तीनदा काच वाजवली गुर्जी. एकदा जोरात. ऐकू आली का?"

मला आली नव्हती. ग्रामसेवकाला आली नव्हती. आम्ही दहा पावलांवर उभे होतो, मोठी, शहाणी, कान टवकारून उभी असलेली माणसं. थर्मामीटरमधला पारा किती वर गेला होता ते मी बघितलं आणि लिहून घेतलं. दार आतून उघडत नव्हतं, लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं होतं. ते दार लेकीच्याच काळजीपोटी तसं ठेवलं होतं, हेही जमादारांनी त्यात लिहायला लावलं.

परतताना मी विचारलं, "बाप कसा काय विसरतो हो?"

"आमची कोकरं हरवायची ना," ते हळूहळू चालत म्हणाले, "ती चरताना न्हाई हरवायची. तळ हलवताना हरवायची. एकाच्या खांद्यावरनं दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचं आसतं तवा. दिलेल्याला वाटतं दिलं, घेतलेल्याच्या कानावर पडतं पर ध्यानात उतरत न्हाई. माझ्या बापानं दोन हरवलीत तशी. लई मायेचा मानूस हुता." त्यांनी घाम पुसला. "तरी तो सांगायचा, माझ्याकडनं हरवलं. आईवर न्हाई ढकललं त्यानं."

संध्याकाळी अश्विनी पहिल्यांदा बोलली. योगेशनंच घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं म्हणे. जमादारांनी तिला विचारलं, "बाई, इतके दिस गप कावून ऱ्हायलात?" ती म्हणाली, "म्या बोलले असते तर त्यांचं नाव आलं असतं." एवढंच. बाईच्या जातीनं किती सोसावं याला काही सुमार? मला तिच्यापुढं बसवेना. मी उठून बाहेर गेलो.

मग जमादारांनी सरकारतर्फे स्वतः फिर्याद दिली. आरोपी योगेश, निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल. पण त्या कागदात काय काय होतं! सत्कारांपायी लग्नाला किती उशीर झाला ते होतं. माइकवरून कोणत्या शब्दांत पुकारा झाला ते होतं. काळ्या काचा होत्या, गाड्यांची अदलाबदल होती, आणि आजी, मावशी, चुलते, प्रत्येकाला पोर कोणाकडं वाटत होती ते ओळीनं होतं. चेअरमन पिसाळले. "सत्काराचं हे कावून लिवलं बे? त्याचा काय संबंध?"

"घडलं म्हून," जमादार म्हणाले. "अहो, तुमी रागावू नगा, बसा. पाणी घेता का?"

बदलीची धमकी आली. निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती, बदली झाली असती तर पेटी उचलून गेले असते. झाली नाही.

केस उभी राहायला दीड वर्ष गेलं. चेअरमननी बीडहून मोठा वकील आणला होता. गुन्हा सिद्धच होत नाही, हे वकिलाचं म्हणणं कायद्यानं बहुधा खरंही असेल. विसरणं म्हणजे निष्काळजीपणा की नाही यावर तो तासभर बोलणार होता. पण मॅजिस्ट्रेट बाईंनी गुन्हा कबूल आहे का विचारलं आणि योगेश उठून म्हणाला, "कबूल हाय." वकिलानं त्याचा सदरा ओढला. बाईंनी तीन वेळा समजावून विचारलं, विचार करायला वेळ दिला, जेवणाच्या सुट्टीनंतर परत विचारलं. तो म्हणाला, "मला कोनी ढकललं न्हाई. पोर माझ्याकडं दिली हुती." बाईंनी सगळे कागद वाचले, त्याला दोषी ठरवलं आणि तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं.

जमादार तोवर निवृत्त झाले होते. त्या दिवशी ते साध्या कपड्यांत आले होते, कोणी बोलावलं नव्हतं तरी. बाहेर आवारात सगळे जमलो. योगेशनं वकिलाच्या फाइलमधून आपल्या जबाबाचं पान शोधून काढलं आणि अश्विनीच्या हातात दिलं. तिनं ते सासूसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं. बारावी शिकलेली पोर, अडखळली नाही. "'माझ्या पत्नीने मला सांगितले की, पोरगी मागे झोपली आहे, उठली की घेऊन या. मी हो म्हणालो. त्यानंतर मी विसरलो.'" सासूनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच फरशीवर बसली. कोणी तिला उठवलं नाही.

अश्विनी पान घडी घालत जमादारांपाशी आली. मी शेजारीच होतो. मला वाटलं ती पाया पडणार. ती म्हणाली, "काका, तुमी आत बसला हुता ना?"

"व्हय बाई."

"मंग तुमालाच म्हाईत असंल. लई तरास होतो का?"

आवारात मोटारसायकली सुरू होत होत्या, कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. जमादार तिच्याकडं बघत राहिले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाई बाई. झोप येती. लई गाढ झोप येती. आन् तुमची लेक तर झोपलेलीच हुती. ती उठलीच न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या गाडीतून ते कसे बाहेर आले ते मी पाहिलं होतं. त्यांनी तीन वेळा काच वाजवल्याच्या नोंदीखाली माझी सही होती.

"हो," मी म्हणालो. "जमादार बाहेर आले तेव्हा हेच म्हणाले होते. मी तिथंच होतो."

तिनं दीड वर्षात पहिल्यांदा श्वास सोडला असावा, असा श्वास सोडला. मग ती नवऱ्याबरोबर गाडीकडं गेली.

मी जमादारांशी बोलायला वळलो तर ते फाटकाबाहेर गेले होते. रस्ता ओलांडून बसथांब्यावर पाठमोरे उभे राहिले, हात खांबाला. त्यांच्या गावाकडची बस आली आणि गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. कंडक्टरनं दार उघडून त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली नाही, आणि तीही गेली. जमादार तसेच खांबाला धरून उभे होते.